‘इम्युनिटीचा प्रॉब्लेम’ असं सांगायचं असेल तर पुरावाही दाखवा

दोन-तीनदा दिवस राहिले आणि दर वेळी पहिल्या तीन महिन्यांतच सगळं संपलं, अशा बाईला कधी ना कधी कुणीतरी सांगतंच की तुझं शरीर बाळाला परकं समजतं आणि टिकू देत नाही. मग टेस्टची लांबलचक यादी येते, एनके सेल (‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी), सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती रसायनं), एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट) आणि अजून काय काय, रिपोर्टमध्ये कुठलातरी एक आकडा ठळक अक्षरात असतोच, आणि त्या एका आकड्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या, इंट्रालिपिडची सलाइन, इम्युनोग्लोब्युलिन, नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं असं सगळं सुरू होतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सरळ सांगते. इम्युनिटीमुळे गर्भ जातो हे खोटं नाहीये. पण ते एका ठरावीक आजारात नीट सिद्ध झालंय, त्याची टेस्ट आहे, त्यावर उपचार आहे. बाकीच्या बहुतेक बायकांना जे ‘इम्यून’ लेबल लावलं जातं आणि त्यावर जे विकलं जातं ते सिद्ध झालेलं नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते पैसे घेऊन देणं बंद व्हायला हवं. ज्याला ते द्यायचंय त्याने ट्रायलमध्ये द्यावं, फुकट द्यावं, आणि निकाल काहीही आला तरी जगासमोर ठेवावा.

आधी ही कल्पना आली कुठून ते बघू, कारण मूळ प्रश्न फार सुंदर होता. १९५३ मध्ये पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने विचारलं की गर्भाचा अर्धा भाग तर बापाकडून आलेला असतो, मग दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर जशी ती नाकारतं तसा आई हा गर्भ का नाकारत नाही? याच मेडावरना पुढे १९६० मध्ये बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते शरीर परक्या पेशींना कसं सहन करायला शिकतं या शोधासाठी. प्रश्न बरोबरच होता, पण त्यातून लोकांच्या डोक्यात एक चित्र बसलं की गरोदरपण म्हणजे लढाई आहे, आईची प्रतिकारशक्ती एका बाजूला आणि बाळ दुसऱ्या बाजूला, आणि ही शक्ती दाबली की बाळ वाचतं. आज जी ट्रीटमेंट विकली जाते तिचा सगळा पाया हे चित्र आहे आणि ते गेल्या काही दशकांच्या संशोधनात टिकलेलं नाही.

झालं असं की वारेच्या पेशी जेव्हा नीट तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की आईच्या रक्ताला आणि गर्भपिशवीच्या अस्तराला ज्या पेशी थेट भिडतात त्या आपल्या अंगावर एचएलए-ए आणि एचएलए-बी दाखवतच नाहीत, म्हणजे अवयव नाकारताना शरीर ज्या खुणा ओळखतं त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या खुणाच तिथे नसतात. अस्तरात शिरणाऱ्या पेशींवर त्याऐवजी एचएलए-जी, एचएलए-ई आणि एचएलए-सी असतात, आणि ह्या खुणा आईच्या पेशींशी वेगळ्याच प्रकारे बोलतात. दुसरं म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत पिशवीच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी जमतात त्यातल्या साधारण ७० टक्के ह्या एनके पेशीच असतात. त्या तिथे कशाला येतात? तर आईच्या पिशवीतल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद व्हाव्यात आणि वारेला भरपूर रक्त मिळावं, ह्या कामात हातभार लावायला. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे बाळाची वाढ खुंटते, आईचं बीपी वाढतं. सोबत रेग्युलेटरी टी-सेल नावाच्या पेशीही असतात ज्या बाकीच्यांना शांत ठेवतात. म्हणजे प्रतिकारशक्ती तिथे बाळाच्या बाजूने काम करत असते, आणि आपण नीट न समजता ती सरसकट दाबायला निघालोय.

आता एनके सेलच्या रक्ताच्या टेस्टबद्दल, कारण बहुतेक सगळं इथूनच सुरू होतं. रक्तातल्या एनके पेशी आणि पिशवीतल्या एनके पेशी ह्या वेगळ्या आहेत, दिसायलाही आणि कामालाही. हातातून रक्त काढून पिशवीत काय चाललंय हे कळत नाही. त्यात रक्तातला हा आकडा व्यायामाने बदलतो, ताणाने बदलतो, साधी सुई टोचायची भीती वाटली तरी बदलतो. आणि ज्या बाईचं तिसरं बाळ गेलंय ती लॅबमध्ये शांत मनाने बसलेली असेल का? केंब्रिजच्या ॲशली मॉफेट, ज्यांनी आयुष्यभर ह्याच पेशींवर काम केलंय, त्यांनी २००४ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ह्या टेस्टना आणि त्यावर आधारित उपचारांना शास्त्रीय आधार नाही. काही ठिकाणी पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून एनके मोजतात, ते किमान योग्य जागेचं तरी आहे, पण पाळीच्या कुठल्या दिवशी घ्यायचा, कसा मोजायचा, किती म्हणजे जास्त, ह्यावर अजून एकमत नाही. ब्रिटनमध्ये आयव्हीएफवर देखरेख करणारी जी सरकारी संस्था आहे, एचएफईए, तिने इम्युनॉलॉजीच्या ह्या ॲड-ऑन टेस्ट आणि ट्रीटमेंटना लाल रेटिंग दिलंय.

आता जे खरं आहे त्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त राग ह्याचा येतो की खऱ्या गोष्टीकडेच दुर्लक्ष होतं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस. १९८३ मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी हा आजार नीट मांडला. शरीर काही अशा अँटिबॉडी बनवतं की रक्तात गुठळ्या व्हायला लागतात, आणि गरोदरपणात त्या वारेच्या पेशींना नीट रुजू देत नाहीत, तिथे सूजही वाढवतात, म्हणजे सगळा दोष फक्त गुठळ्यांचा नसतो. वारंवार मिसकॅरेज झालेल्या बायकांत साधारण १५ टक्क्यांपर्यंत ह्या अँटिबॉडी सापडल्याचं लंडनच्याच एका मोठ्या क्लिनिकच्या अभ्यासात दिसलं होतं. टेस्ट तीनच आहेत, लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. (लुपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह आलं म्हणजे लुपस झालाय असं अजिबात नाही, उगाच घाबरू नका.) आणि इथे एक नियम आहे जो मोडला जातो म्हणून मुद्दाम लिहिते, पॉझिटिव्ह आली तर तीच टेस्ट किमान १२ आठवड्यांनी परत करायची असते. साधं इन्फेक्शन झालं तरी ह्या अँटिबॉडी थोड्या दिवसांसाठी वाढू शकतात आणि आपोआप जातात, म्हणून एका रिपोर्टवर निदान करता येत नाही. हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) चालू असेल तर लुपस अँटिकोॲग्युलंटचा रिपोर्ट चुकू शकतो, तेही लॅबला सांगावं लागतं.

उपचारही आहे. १९९७ मध्ये लंडनमध्ये एपीएसच्या ९० बायकांवर ट्रायल झाली, नुसत्या कमी डोसच्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के बायकांना जिवंत बाळ झालं आणि ॲस्पिरिन अधिक हेपरिनवर ७१ टक्के. नंतरच्या सगळ्या ट्रायलमध्ये फरक एवढा मोठा दिसला नाही हे खरं आहे, पण सगळं एकत्र धरून जगभरातल्या गाइडलाइन हेच कॉम्बिनेशन सांगतात. म्हणजे इथे आजार ठरावीक आहे, टेस्ट ठरावीक आहे, औषध जुनं आणि ओळखीचं आहे. आणि तरी होतं काय, तर टेस्ट एकदाच होते, किंवा तीनपैकी एकच होते, किंवा एएनए नावाची भलतीच टेस्ट पॉझिटिव्ह आली (जी निरोगी बायकांतही बऱ्याच जणींची येते) म्हणून नऊ महिने रोज पोटात हेपरिनची सुई टोचून घ्यायला लावतात. ॲस्पिरिन-हेपरिन हे एपीएस नसलेल्या, कारण न सापडलेल्या बायकांत काम करत नाही हे २०१० च्या अलाइफ ट्रायलमध्ये कळलं, आणि रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या बायकांतही हेपरिनने फरक पडला नाही हे २०२३ च्या अलाइफ-टू मध्ये. जिला खरंच एपीएस आहे तिची दुसरी टेस्ट कुणी करायला सांगत नाही आणि जिला नाहीये ती सुया टोचून घेते. दोघींवर अन्याय होतो.

आता नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं, एलआयटी म्हणतात त्याला. ही गोष्ट सगळ्यांनी वाचायला हवी असं मला फार वाटतं. १९८५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये एक ट्रायल छापून आली, छोटीच, पन्नासेक बायकांची, त्यात नवऱ्याच्या पेशी टोचलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांचं गरोदरपण टिकलं आणि स्वतःच्याच पेशी टोचलेल्यांपैकी ३७ टक्के. जगभर आशा पसरली, क्लिनिकं सुरू झाली, हजारो बायकांनी ते घेतलं. मग १९९९ मध्ये त्याच लॅन्सेटमध्ये मोठी आणि नीट आखलेली ट्रायल आली, कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांची, आणि त्यात पेशी टोचलेल्यांत यश ३६ टक्के आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांत ४८ टक्के. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट नुकसान होत असावं अशी शंका यावी असा निकाल. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने संशोधनाबाहेर हे करायला मनाई केली. मधल्या चौदा वर्षांत ज्या बायकांनी विश्वासाने हात पुढे केला त्यांना कुणी येऊन सांगितलं असेल का की तुम्हाला जे दिलं त्याने काही झालं नाही? मला नाही वाटत. आणि एवढं होऊनही काही ठिकाणी हे आजही दिलं जातं.

स्टेरॉइडचं तसंच. १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २०२ बायकांची ट्रायल छापली गेली, रक्तात वेगवेगळ्या ऑटोअँटिबॉडी असलेल्या आणि आधी गर्भ गेलेल्या बायका होत्या, निम्म्यांना प्रेडनिसोन आणि ॲस्पिरिन, निम्म्यांना खोटी औषधं. जिवंत बाळांच्या प्रमाणात ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही, पण वेळेआधी बाळंतपण औषधवाल्या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात १२ टक्के, शिवाय आयांना बीपी आणि डायबेटिस जास्त. ‘घेऊन बघू, नुकसान तर काही नाही’ असं जे सर्रास म्हटलं जातं ना, त्याला माझं उत्तर हा आकडा आहे. जी-सीएसएफच्या (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) इंजेक्शनांची १५० बायकांची ट्रायल २०१९ मध्ये आली, गरोदरपण टिकलं ते औषधवाल्या गटात ५९ टक्के बायकांचं आणि प्लासिबोत, म्हणजे खोट्या औषधावर, जवळजवळ ६५. इंट्रालिपिड तर मुळात ज्या पेशंटला तोंडाने खाता येत नाही त्यांच्यासाठी बनवलेलं पोषण आहे, सोयाबीन तेल आणि अंड्यातला फॉस्फोलिपिड, त्याने गर्भ टिकतो असं खात्रीने दाखवणारा पुरावा नाही.

इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे रक्तदात्यांकडून मिळवलेल्या अँटिबॉडींच्या सलाइनबद्दल, मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की तिथे दार पूर्ण बंद झालेलं नाही. जपानमध्ये चार किंवा जास्त मिसकॅरेज झालेल्या सुमारे शंभर बायकांवर ट्रायल झाली, गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला सलग पाच दिवस मोठा डोस, आणि २०२२ मध्ये आलेल्या निकालात जिवंत बाळ ५८ टक्के विरुद्ध ३५ टक्के. प्रजनन-वैद्यकातली युरोपियन संस्था एश्रेने त्यानंतर आपली गाइडलाइन सुधारताना ह्या एका गटापुरती थोडी जागा ठेवली. पण नीट बघा, चार किंवा जास्त, कारण न सापडलेली, फार लवकर, फार मोठा डोस. ह्याचा आधार घेऊन दोन मिसकॅरेज झालेल्या बाईला कधीतरी आठव्या आठवड्यात एखादी छोटी बाटली लावणं म्हणजे त्या संशोधनाचं नाव घेऊन दुसरंच काहीतरी करणं झालं. आणि हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनतं, त्याचा पुरवठा मर्यादित आहे, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेली मुलं आणि गियां-बारे या नसांच्या आजाराचे पेशंट ह्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. ते कुणाला आणि कशासाठी दिलं जातंय हा त्यामुळे सगळ्यांचाच प्रश्न आहे.

‘पण अमुक बाईला तर त्याच सलाइनने बाळ झालं!’ हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही, कारण ती बाई खरी आहे आणि बाळही खरं आहे. पण २०१५ ची प्रॉमिस ट्रायल बघा, कारण न सापडलेली वारंवार मिसकॅरेज झालेल्या ८३६ बायका, निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन आणि निम्म्यांना प्लासिबो, आणि प्लासिबोवर, म्हणजे कुठलंही औषध नसताना, ६३ टक्के बायकांना जिवंत बाळ झालं. प्रोजेस्टेरॉनवर ६६. म्हणजे आज तुम्ही अशा शंभर बायकांना साधं पाणी दिलं तरी साठ-पासष्ट जणी बाळ घेऊन तुमच्याकडे येतील आणि तुमचे पाय धरतील. डॉक्टर खोटं बोलत असतात असं मी म्हणत नाही, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी यश दिसतं आणि ज्यांना यश आलं नाही त्या बऱ्याचदा परत येतच नाहीत. म्हणून तर तुलनेचा गट लागतो. त्याच्याशिवाय चांगल्यातला चांगला डॉक्टरही फसतो, १९८५ ते १९९९ मध्ये तेच झालं.

आणि जे गर्भ काही केल्या टिकणारच नव्हते त्यांचं काय? सुरुवातीच्या मिसकॅरेजपैकी निम्म्या किंवा त्याहूनही जास्त वेळा गर्भातच क्रोमोसोमचा हिशोब चुकलेला असतो, आणि आईचं वय वाढतं तसं हे वाढत जातं, पंचेचाळिशीनंतर तर निम्म्याहून जास्त गर्भधारणा मिसकॅरेजमध्ये संपतात. तिथे प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही. क्युरेटिंग झाल्यावर तो टिश्यू क्रोमोसोम तपासणीला पाठवला तर कळू शकतं, पण तो बऱ्याचदा पाठवलाच जात नाही, आणि मग ज्या प्रश्नाचं उत्तर टाकून दिलं त्याचं उत्तर आईच्या रक्तात शोधत बसतात.

मला कळतं की एवढं सगळं ऐकूनही बाई म्हणेल, काहीच न करता परत त्यातून कशी जाऊ? कुठल्या तोंडाने तिला नाही म्हणायचं? तिला नाही म्हणायचंच नाहीये. करण्यासारखं बरंच आहे, ते फक्त चमकदार नाही. एपीएसच्या टेस्ट नीट, दोनदा. थायरॉइड. पिशवीचा आकार, त्यात पडदा आहे का. गरज असेल तर नवरा-बायको दोघांचे क्रोमोसोम. गरोदरपणात ब्लीडिंग झालं आणि आधी मिसकॅरेज झालेलं असेल तर प्रोजेस्टेरॉन, कारण २०१९ च्या प्रिझम ट्रायलमध्ये आधी तीन किंवा जास्त मिसकॅरेज आणि आत्ता ब्लीडिंग अशा बायकांत ७२ टक्के विरुद्ध ५७ टक्के असा फरक दिसला, आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइसने, म्हणजे उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते गाइडलाइनमध्ये घेतलं. आणि लवकर सोनोग्राफी, दर वेळी तोच डॉक्टर, रात्री घाबरली तर फोन उचलणारं कुणीतरी. हे सगळं करून काळजी घेतली जातेय हे तिला कळायला हवं, त्यासाठी नसेतून काहीतरी जायलाच हवं असं नाही.

ह्या लेबलचं अजून एक नुकसान आहे, ते कुठल्याच ट्रायलमध्ये मोजलेलं दिसत नाही. ‘तुझं शरीरच बाळाला मारतं’ हे एकदा ऐकलं की बाई ते विसरत नाही. आधीच ती रोज स्वतःला विचारत असते की मी जिना चढले म्हणून झालं का, मी रडले म्हणून झालं का, मी ऑफिसला गेले म्हणून झालं का, आणि त्यात तिला पांढऱ्या कोटातला माणूस सांगतो की हो, तुझ्यामुळेच झालं. घरातले लोकही मग त्याच नजरेने बघतात. आणि हे अशा पुराव्यावर जो उभा राहू शकत नाही. मला हे क्रूर वाटतं, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

विज्ञान अजून संपलेलं नाही, उद्या कदाचित कळेल की आईच्या एनके पेशींवरचे काही ठरावीक रिसेप्टर आणि बाळाच्या एचएलए-सीची काही ठरावीक जोडी धोक्याची असते, त्यावर गंभीर काम चालू आहे, आणि त्या काही बायकांसाठी खरंच औषध निघेल. मला ते हवंय. पण जोपर्यंत पैसे दिले की औषध नक्की मिळतं तोपर्यंत कोण जोडपं ट्रायलमध्ये जाऊन चिठ्ठी उचलेल, जिथे निम्म्यांना खोटी बाटली लागणार आहे? पैसे घेऊन विकल्यानेच उत्तर मिळायचं थांबतं. म्हणून इम्यून ट्रीटमेंट फक्त नोंदणी झालेल्या ट्रायलमध्ये, पेशंटकडून पैसे न घेता, असा नियम हवा. टेस्ट सांगणाऱ्याने कागदावर लिहून द्यावं की ही टेस्ट कुठल्या गाइडलाइनमध्ये आहे, आणि नसेल तर नाही असं लिहावं. आणि दुसऱ्या मिसकॅरेजनंतर एपीएसची तपासणी मागितली तर मिळावी, तिसऱ्यापर्यंत थांबायला लावू नये, एश्रे आणि प्रजनन-वैद्यकातली अमेरिकन संस्था दोघीही दोनवरच तपासायला सांगतात, ब्रिटनमधलं स्त्रीरोगतज्ज्ञांचं कॉलेज अजून तीनची व्याख्या धरून आहे. २०२१ मध्ये लॅन्सेटने मिसकॅरेजवर जी लेखमाला काढली तिच्यात तर पहिल्या मिसकॅरेजपासूनच टप्प्याटप्प्याने काळजी वाढवत न्यायची पद्धत सुचवली आहे, दुसऱ्यानंतर तपासण्या सुरू, तिसऱ्यानंतर खास क्लिनिक, आणि ती पद्धत राबवायला कुठल्याही नव्या शोधाची वाट बघावी लागत नाही.